१८ ऑगस्टचा तक्ता आणि एक ‘कशावरून?’



आपल्या मंडळाच्या गणेशोत्सवात आरती, अथर्वशीर्ष पठण, पाककला स्पर्धा आणि मुलांचे नाटक यांच्या जोडीला एका कोपऱ्यात दोन टेबले मांडून बालविज्ञान प्रदर्शन असते, हे आपण जाणताच. बरीच वर्षे ते काम माझ्याकडे आहे. मुले दरवर्षी ज्वालामुखी, पवनचक्की आणि पाणी शुद्ध करण्याची बाटली आणतात. दोन वर्षांपूर्वी मी सुचवले, ‘या वेळी प्रत्येकाने विज्ञानाच्या इतिहासातली एक तारीख निवडा आणि तिच्यावर प्रकल्प करा.’

आठवीतल्या एका मुलीने मला विचारले, “काका, मी कोणती घेऊ?” मी क्षणाचाही विलंब न लावता सांगितले, “१८ ऑगस्ट १८६८. आपल्या विजयदुर्गावरून लॉकियर साहेबाने सूर्यग्रहण पाहिले आणि हेलियमचा शोध लागला.”

हे मी कोणत्याही पुस्तकात वाचलेले नव्हते. माझे वडील देवगड तालुक्यातले. लहानपणी त्यांनी मला विजयदुर्ग किल्ल्यावर नेऊन ‘साहेबाचे कट्टे’ दाखवले होते आणि तिथे उभे राहून ही गोष्ट सांगितली होती. ते आता हयात नाहीत. ती गोष्ट मात्र पोटापाण्यासाठी एन्नोरला आल्यावरही मी अभिमानाने सांगत आलो. तमिळ सहकाऱ्यांनी रामन आणि रामानुजन यांची नावे घेतली, की आपलेही काही सांगावेसे वाटतेच!

आठ दिवसांनी ती मुलगी वही घेऊन आली. “काका, लॉकियर यांनी २० ऑक्टोबर १८६८ ला इंग्लंडमधून सूर्य पाहिला असे लिहिले आहे. मग ऑगस्टमध्ये ते विजयदुर्गला होते, हे कशावरून?” मी म्हटले, “दोन महिन्यांत बोटीने पोहोचले असतील.” ती गप्प बसली, पण तिचे समाधान झालेले दिसले नाही. खरे सांगायचे तर माझेही झाले नव्हते. त्या रात्रीपासून मी वाचायला लागलो. हाती आले ते असे.

१८ ऑगस्ट १८६८ चे खग्रास ग्रहण भारताच्या पश्चिमेकडून पूर्वेकडे गेले. खग्रास अवस्था पाच मिनिटांहून अधिक काळ टिकली. प्रकाशाचे रंग पृथक करणारा वर्णपटदर्शक तोवर तयार झाला होता आणि सूर्याच्या कडेला दिसणाऱ्या तांबड्या ज्वाला कशाच्या आहेत, हे त्यातून कळणार होते. म्हणून निरीक्षक ठिकठिकाणी दुर्बिणी लावून बसले. फ्रान्सचे जान्सेन आंध्रातल्या गुंटूरला होते. मद्रास वेधशाळेचे प्रमुख पॉगसन मछलीपट्टणला गेले होते आणि त्यांचे भारतीय साहाय्यक चिंतामणी रघुनाथाचारी वनपर्तीला. लेफ्टनंट जॉन हर्शेल, म्हणजे युरेनस शोधणाऱ्या हर्शेलचे नातू, जमखंडीला होते. जमखंडी म्हणजे पटवर्धनांचे संस्थान! आज ते कर्नाटकात आहे.

हर्शेलना ढगांनी छळले, तरी मधल्या फटीतून त्यांना ज्वालांच्या वर्णपटात तीन तेजस्वी रेषा दिसल्या: तांबडी, नारिंगी आणि निळी. ज्वाला वायूच्या आहेत हे त्यातून ठरले. गुंटूरला जान्सेनना त्या रेषा इतक्या ठळक दिसल्या, की ग्रहण नसतानाही त्या दिसतील असे त्यांच्या मनाने घेतले. दुसऱ्या दिवशी, १९ ऑगस्टला, त्यांनी त्या भर उन्हात पाहिल्या.

आणि लॉकियर? ते इंग्लंडमध्येच होते. ग्रहणाविना ज्वाला पाहण्याची कल्पना त्यांनाही स्वतंत्रपणे सुचली होती, पण त्यांनी मागवलेले उपकरण ऑक्टोबरमध्ये हाती आले. २० ऑक्टोबरला त्यांना यश मिळाले. दोघांची पत्रे पॅरिसच्या विज्ञान अकादमीत एकाच दिवशी, २६ ऑक्टोबरला, वाचली गेली. फ्रान्सने पुढे दोघांच्याही प्रतिमा असलेले एक पदक काढले.

पिवळी रेषा सोडियमची असेल असे आधी वाटले होते, पण ती सोडियमच्या जागेवर नेमकी बसेना. तेव्हा हे पृथ्वीवर न सापडलेले मूलद्रव्य असावे असे लॉकियर यांचे मत झाले आणि सूर्याच्या ग्रीक नावावरून त्याला ‘हेलियम’ नाव मिळाले. अनेक शास्त्रज्ञांना ते पटले नाही. अखेर १८९५ साली रॅम्झे यांना एका खनिजातून निघालेल्या वायूत तीच रेषा सापडली. मध्ये २७ वर्षे गेली होती.

मग ते कट्टे? ते खरे आहेत. लॉकियर विजयदुर्गला आले, पण २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी. त्याच ग्रहणासाठी पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्राध्यापक नायगमवाला जेऊरला गेले होते. दोन ग्रहणे आणि एक साहेब, यांची लोकांच्या आठवणीत सरमिसळ झाली आणि तीस वर्षांचे अंतर पुसले गेले.

खोटे कशाला बोलू, मला वाईट वाटले. वडिलांची गोष्ट आपण खोडून काढतो आहोत असे वाटत राहिले. तक्त्यावर जुनेच वाक्य ठेवले असते तर कोणी हरकतही घेतली नसती. पण प्रश्न त्या मुलीने विचारला होता आणि उत्तर देणे मला भाग होते. आम्ही तक्ता नव्याने लिहिला.

आता तिच्या प्रकल्पाविषयी. चपलांचे एक खोके घेतले, त्याला बारीक फट पाडली आणि आत जुनी सीडी तिरकी बसवली. सीडीवरच्या ओळींमधले अंतर सुमारे १.६ मायक्रोमीटर असते, त्यामुळे प्रकाशाचे रंग वेगळे होतात. एन्नोर परिसर मिठागरांचा, तेव्हा मीठ इथलेच! स्पिरिटच्या दिव्याच्या ज्योतीत मिठाची चिमूट धरली की सोडियमची पिवळी रेषा लख्ख दिसते. (सूर्याकडे खोके रोखायचे नाही, ही ताकीद पालकांनी पाळावी. दिव्याजवळही मोठे माणूस हवे.)

सोडियमच्या दोन रेषा ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरला येतात आणि हेलियमची ५८७.६ ला. अंतर दोन नॅनोमीटरहूनही कमी. आमच्या खोक्यात ते वेगळे दिसणे शक्य नव्हते. तिने तेही तक्त्यावर लिहिले: ‘माझ्या उपकरणातून या दोन रेषा वेगळ्या दिसत नाहीत.’ त्या एका ओळीमुळे पाहणाऱ्यांना १८६८ सालची अडचण कळली.

प्रदर्शनाच्या दिवशी सिंधुदुर्गातले एक ज्येष्ठ सभासद तक्त्यापुढे बराच वेळ उभे राहिले. मला म्हणाले, “म्हणजे कट्टे खरे ना?” मी म्हटले, “कट्टे खरे, साल चुकले होते.” ते म्हणाले, “मग ठीक. गावी गेलो की सांगतो.” माझ्या मनावरचे ओझे उतरले. वडील असते तर त्यांनीही बहुधा हेच म्हटले असते.

मुलांनो, पुढच्या तारखांसाठी लांब जायला नको. १० एप्रिल १८०२ ला लॅम्बटन यांनी आपल्या सेंट थॉमस माउंटजवळ सुमारे १२ किलोमीटरची आधाररेषा मोजायला घेतली आणि त्रिकोण जोडत जोडत हिंदुस्थानची मोजणी पुढे गेली. तुम्ही मैदानात दोरीने आधाररेषा आखा, दोन्ही टोकांवरून कोनमापकाने उत्तर चेन्नई वीजकेंद्राच्या एखाद्या चिमणीचा कोन घ्या आणि ती किती दूर आहे ते काढा. १७ एप्रिल १८६१ ला पॉगसन यांना मद्रासहून एक लघुग्रह सापडला. त्याचे नाव ‘एशिया’. तुम्ही आठवडाभर रोज एकाच वेळी ताऱ्यांमधली चंद्राची जागा वहीत काढा. ती वेधशाळा नुंगमबाक्कमला होती. १७९२ सालचा तिचा दगडी खांब आजही हवामान केंद्राच्या आवारात उभा आहे.

तारीख कोणतीही घ्या, पण तक्ता लिहिण्याआधी एकदा ‘कशावरून?’ विचारा. सांगणारा काका असला, तरीही विचारा.

गणपती बाप्पा मोरया!