घडीच्या कॅमेऱ्याच्या पोटातील घड्याळ

आपल्या जुन्या घराण्यांच्या कपाटांत, बहुधा वरच्या फळीवर, चामड्याच्या पेटीत निजलेला एखादा घडीचा कॅमेरा अजूनही सापडतो. कळ दाबली की पुढचे झाकण उघडते, काळा भाता बाहेर येतो आणि भिंग आपल्या जागी ताठ उभे राहते. पण शटरचा खटका दाबावा तर पाती हलत नाहीत; किंवा उघडतात आणि उघडीच राहतात. घरातील मंडळी 'बिघडला' असा निकाल देतात. मग ती वस्तू एक तर काचेच्या कपाटात शोभेला बसते, नाही तर भंगाराच्या वाटेला लागते. हा निकाल बहुतेक वेळा घाईचा असतो. तो का, हे कळण्यासाठी शटर कोठून आले आणि त्याच्या पोटात काय आहे, हे पाहिले पाहिजे.

आरंभीच्या कॅमेऱ्यांना शटर नव्हतेच. फ्रेडरिक स्कॉट आर्चर याने १८५१ मध्ये ओल्या काचेची पद्धत प्रसिद्ध केली. त्या काचेला प्रकाश पुष्कळ लागे, म्हणून छायाचित्रकार भिंगावरची टोपी काढी, मनात सेकंद मोजी आणि टोपी पुन्हा बसवी. इंदूरला बांधकाम खात्यात नोकरी करता करता छायाचित्रणाकडे वळलेले आणि पुढे हैदराबादच्या निजामांकडून 'राजा' किताब मिळवलेले लाला दीनदयाळ (१८४४-१९०५) याच काळात तयार झाले. रिचर्ड मॅडॉक्स याने १८७१ मध्ये जिलेटिनच्या कोरड्या काचेची कल्पना मांडली आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत ती काच इतकी संवेदनशील झाली की सेकंदाचा लहानसा अंशही पुरू लागला. एक पंचविसांश सेकंद माणसाच्या हाताला मोजता येत नाही. तेथे यंत्राची गरज निर्माण झाली.

हे यंत्र बांधणाऱ्यांत म्युनिकच्या फ्रीडरिख डेकेल आणि क्रिस्टियान ब्रुन्स यांची नावे प्रथम घ्यावी लागतात. विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांचे 'कंपाउंड' शटर आले. त्यात एक लहानशी पितळी नळी आणि तिच्यात दट्ट्या असे. हवा हळूहळू दबत जाण्यास जो वेळ लागे, तोच पाती उघडी राहण्याचा वेळ. युक्ती सुरेख होती. परंतु धूळ, दमटपणा आणि ऋतुमान यांचा तिच्यावर परिणाम होई. पुढे ब्रुन्सने हवेऐवजी दातेरी चाकांची गाडी योजली, आणि १९१२ पासून डेकेलच्या कारखान्यातून 'कंपूर' शटर बाहेर पडू लागले. 'कंपाउंड' आणि घड्याळ या अर्थाचा जर्मन शब्द 'ऊर' यांची ती सांगड आहे, असे सांगतात. नावातच सारे मर्म आले: शटर हे घड्याळ आहे. ब्लॅक फॉरेस्टमधील काल्मबाख येथे आल्फ्रेड गोटिए याच्या कारखान्यात बनलेली 'प्रोंटोर' शटरे हीही याच कुळातली. ब्लॅक फॉरेस्ट हा प्रदेश मुळातच घड्याळांसाठी प्रसिद्ध, हा योगायोगही लक्षात ठेवण्याजोगा आहे.

झाइस इकॉनचा इकोंटा (१९२९), कोडॅकचा रेटिना (१९३४), फोइग्टलेंडरचा बेसा, आगफाचा इझोलेट अशा नामांकित घडीच्या कॅमेऱ्यांत बहुधा या दोहोंपैकी एका घराण्याचे शटर असते. आतील रचना थोडक्यात अशी. पोलादाची कागदासारखी पातळ पाती एकमेकांवर बसून प्रकाशाची वाट बंद करतात. लहान दांडी ओढली की मुख्य स्प्रिंग ताणली जाते. खटका दाबताच ती सुटते, एक कडे फिरते आणि पाती उघडून मिटतात. हे इतक्या वेगाने घडते की मंद गतीसाठी त्या कड्याला अडवावे लागते. ते काम दातेरी चाकांची गाडी आणि तिच्या टोकाशी डुलणारा नांगरासारखा तुकडा करतो. एक सेकंदाच्या गतीला ऐकू येणारी 'गुर्र' ती हीच. मधल्या गतींना नांगर बाजूला होतो आणि केवळ चाकांचाच अडसर राहतो. सर्वांत जलद गतीला तोही नसतो.

एवढे ध्यानात आले की निदान घरबसल्या होते. जलद गती ठीक चालते, पण एक सेकंद लावल्यावर 'गुर्र' मध्येच थांबते, तर दोष चाकांच्या गाडीत आहे. आतून हालचाल ऐकू येते पण पाती जागची हलत नाहीत, तर पात्यांवर तेल पसरून ती एकमेकांना चिकटली आहेत. दांडी ओढताना काहीच ताण लागत नसेल, तरच स्प्रिंग निसटल्याची किंवा तुटल्याची शंका घ्यावी. पहिले दोन प्रकार फार आढळतात, तिसरा क्वचित. साठ-सत्तर वर्षांत तेलाचा चीक होतो, इतकेच घडलेले असते. अडलेली फाईल म्हणजे बुडालेले खाते नव्हे, हे सरकारी नोकरीत आयुष्य घालवलेल्यास निराळे सांगावे लागत नाही.

म्हणून उपाय स्वच्छतेचा आहे, बळाचा नव्हे. आणि तेलाचा तर मुळीच नव्हे. आपल्याकडे अडलेल्या प्रत्येक वस्तूत शिवणयंत्राचे तेल सोडण्याची जुनी सवय आहे. ते तेल चाकांवरून पात्यांवर उतरते, दोन दिवस शटर चालते आणि मग पूर्वीपेक्षा घट्ट बसते. रॉकेलही मागे थर ठेवते. जाणकार सिगारेट-लायटरमध्ये भरतात ते नॅफ्था वापरतात, तेही बारीक कुंचल्याने, थेंबाथेंबाने, उघड्या खिडकीजवळ आणि ज्वाळेपासून दूर. ज्या कॅमेऱ्यात पुढचे भिंग फिरवून अंतर साधतात, तेथे ते काढण्यापूर्वी अनंत अंतराच्या खुणेशी त्याची जागा आखून घ्यावी. नाही तर शटर सुधारते आणि चित्रे अस्पष्ट येतात. मग पुढचे कडे आणि गतीची चकती उचलली की चाकांची गाडी समोर दिसते. प्रत्येक टप्प्याचे छायाचित्र मोबाईलवर घेत जावे. गाडी धुऊन पूर्ण वाळली की पुष्कळदा एक सेकंदाचा सूर आपोआप परत येतो. पाती कोरडीच राहिली पाहिजेत; घड्याळाचे तेल द्यायचेच झाले तर चाकांच्या आसांना सुईच्या टोकाइतके.

ज्यांचा हात एवढा स्थिर नाही, त्यांनी हे काम घड्याळजीकडे न्यावे. कॅमेऱ्याची दुकाने 'पार्ट मिळत नाहीत' म्हणून हात झटकतात, पण येथे नव्या भागांची गरजच बहुधा नसते. चावीचे घड्याळ उघडून धुणारा माणूस हे यंत्र पाहताक्षणी ओळखतो. अडचण एवढीच की असे घड्याळजीही आता गावोगावी विरळ होत चालले आहेत.

डेकेलच्या कारखान्याने १९७० च्या दशकात शटरे बनवणे थांबवले. त्याआधीच आपल्या वडोदऱ्यात न्यू इंडिया इंडस्ट्रीजने आगफाचा 'क्लिक-३' बनवून हजारो घरांत छायाचित्रण पोहोचवले होते. त्याच्या शटरला एकच गती. चाकांची गाडी नाही, म्हणून अडण्यासारखेही फार काही नाही. तो स्वस्त होता आणि त्याने आपले काम चोख केले. परंतु वेळ मोजण्याची ती जुनी कला त्यात नव्हती, आणि म्हणून घडीचा कॅमेरा घरातून गेला तर त्याची जागा दुसरे काही भरून काढत नाही.

सुदैवाने १९०१ मध्ये कोडॅकने काढलेली १२० क्रमांकाची फिल्म आजही बनते. सहा बाय नऊ सेंटिमीटरची आठ चित्रे तिच्यावर येतात. भात्याला छिद्रे नसतील (अंधारात आत विजेरी धरली की ती लगेच दिसतात) आणि शटर मोकळे झाले असेल, तर आजोबांनी ज्या भिंगातून वाड्याच्या चौकातील मुंज टिपली, त्याच भिंगातून पणतवंडाचे बारसे टिपता येते. गती थोडी मंदावलेली असली तरी कृष्णधवल फिल्म तेवढे सहज पोटात घालते.

आपण या मुलखांत पिढ्यान्‌पिढ्या राहिलो. सनदा आणि कागदपत्रे जपली, तशी यंत्रे मात्र जपली नाहीत. कारण बंद पडलेले यंत्र मेले, असे आपण धरून चाललो. कपाटातील त्या कॅमेऱ्याविषयी निकाल देण्यापूर्वी त्याची गती एक सेकंदावर लावावी, दांडी ओढावी, खटका दाबावा आणि कान देऊन ऐकावे. अर्धवट का होईना, 'गुर्र' ऐकू आली, तर आतले घड्याळ जिवंत आहे.