भरतपूरच्या म्हशी आणि पाखरे

यंदा आपल्या मंडळाला पंचवीस वर्षे पूर्ण होत आहेत. स्मरणिकेसाठी "इतिहासावर काही तरी लिहा," असे चिटणीसबाईंनी सांगितले तेव्हा मी आधी हसलेच. माझे शिक्षण सातवीपर्यंत. इतिहास म्हटला की मला सनावळ्या आठवतात, आणि त्या मला कधीच पाठ झाल्या नाहीत. पण दोन वर्षांपूर्वी आपली मथुरा-वृंदावनची यात्रा निघाली होती, त्या वेळी ऐकलेली एक हकिकत माझ्या मनातून जात नाही. घरी आल्यावर मी वाचनालयातून पुस्तके आणली, इंग्रजी लेख मुलीकडून समजून घेतले आणि ती पडताळून पाहिली. म्हशींची, पाखरांची आणि गवताची का असेना, ती हकिकत म्हणजे इतिहासच आहे. म्हणून भगिनींपुढे ठेवते.

ज्या यात्रेला आल्या होत्या त्यांना आठवेल, मथुरेहून आपण राजस्थानात भरतपूरला गेलो होतो. तिथे केवलादेव महादेवाचे देऊळ आहे, एवढेच आपल्याला ठाऊक होते. हे देऊळ पाखरांच्या मोठ्या रानात आहे आणि देवावरूनच त्या रानाला केवलादेव नाव पडले आहे. आम्ही चौघी दोन सायकलरिक्षांत बसलो. आमचा रिक्षावाला एक वयस्कर सरदारजी होता. दोन्ही बाजूंना पाणी, मधून रस्ता, आणि झाडांवर चित्रबलाकांची घरटी. सरदारजी एकेका पाखराचे नाव सांगत होता.

देवळाजवळ दगडी पाट्या आहेत. मला वाटले, देणगीदारांची नावे असतील. वाचून पाहिले तर ते शिकारीचे हिशेब! कोणत्या दिवशी, कोणासाठी, किती पाखरे मारली, ते सारे दगडात कोरून ठेवलेले. १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्यासाठी झालेल्या शिकारीत एका दिवसात ४,२७३ पाखरे पडली. देवळाच्या दारात ते आकडे वाचताना अंगावर काटा आला.

परत येताना सरदारजीने सहज पाण्यावर वाढलेल्या गवताकडे बोट दाखवले आणि म्हणाला, "माताजी, म्हैस ही इथली माळीण होती. ती गेली आणि बाग बिघडली." त्याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही. तो कळायला घरी येऊन चार महिने लागले.

ही जागा पूर्वी नुसती सखल जमीन होती. अठराव्या शतकात राजा सूरजमल याच्या काळात अजान बंधारा बांधला गेला, त्याचे पाणी या खोलगट भागात येऊ लागले. पाणी आले तशी पाखरे आली. पुढे भरतपूरच्या महाराजांनी ते शिकारीचे रान केले. पण त्या रानावर आसपासच्या गावांचाही संसार चालत होता. गुरे-म्हशी तिथे चरत, बाया गवत कापून आणीत, सरपण गोळा करीत. उन्हाळ्यात आपण पाण्याच्या माठात वाळा टाकतो ना, त्याच वाळ्याची मुळे तिथले लोक खणून काढीत. त्याला ते खस म्हणतात.

स्वातंत्र्यानंतर शिकारी हळूहळू बंद झाल्या. १९७६ साली तिथे पक्षी अभयारण्य झाले आणि १९८२ साली राष्ट्रीय उद्यान. इथवर सगळे चांगलेच झाले. पण राष्ट्रीय उद्यान झाले म्हणजे तिथे चराई चालत नाही, असा कायदा आहे. शिवाय म्हशींमुळे पाखरांच्या जागेची नासाडी होते, असे पक्षितज्ज्ञांचे मत होते. सलीम अलींसारख्या थोर माणसाचेही मत चराईच्या विरुद्ध होते. नोव्हेंबर १९८२ मध्ये चराई बंद झाली. तोवर सुमारे अडीच हजार गुरे-म्हशी तिथे चरत असत.

खरे सांगायचे तर तो हुकूम काढणारी मी असते, तर मीही तोच काढला असता. माझे माहेर सांगली जिल्ह्यातले. आमच्या गावच्या तळ्यात म्हशी डुंबायच्या आणि सारे पाणी गढूळ व्हायचे. पाण्यातली म्हैस म्हणजे घाण, हे माझ्याही डोक्यात लहानपणापासून बसलेले. पण दावणीला बांधलेल्या म्हशीला दोन्ही वेळा वैरण कुठून आणायची, हा प्रश्न ज्या घरात असतो तिथे असा हुकूम काय करतो, हेही मला ठाऊक आहे. भरतपूरच्या गावकऱ्यांनी विरोध केला. पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात काही गावकरी प्राणाला मुकले. पाखरांच्या रक्षणासाठी माणसे मेली.

आता पुढची गोष्ट ऐका. आपल्या मुंबईला बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी ही १८८३ साली स्थापन झालेली जुनी संस्था आहे. सलीम अलींचे सारे आयुष्य याच संस्थेच्या कामात गेले. या संस्थेने १९८० पासून भरतपूरच्या रानाचा अभ्यास सुरू केला होता. डॉ. व्ही. एस. विजयन आणि त्यांचे सहकारी दहा वर्षे तिथे पाणी, वनस्पती, मासे, पाखरे यांच्या नोंदी ठेवीत होते. अभ्यास बंदीच्या आधी सुरू झाला आणि बंदीनंतरही चालू राहिला, त्यामुळे म्हशी होत्या तेव्हाचे रान आणि नव्हत्या तेव्हाचे रान, दोन्ही त्यांना ताडून पाहता आले.

काय दिसले? तिथे पाण्यात पसरणारे एक गवत आहे, पास्पालम डिस्टिकम असे त्याचे शास्त्रीय नाव. म्हशी पाण्यात शिरून ते खात असत, त्यामुळे मधले पाणी मोकळे राही. म्हशी गेल्या आणि ते गवत माजले. त्याने पाण्यावर गालिचा अंथरावा तशी दाट साय धरली. बदकांना आणि हंसांना उतरायला मोकळे पाणी हवे, ते कमी झाले. गवताखाली मासे कमी झाले, म्हणून मासे खाणाऱ्या पाखरांचीही पंचाईत झाली. अभ्यासाचा निष्कर्ष असा निघाला, की बंदीने पाखरांचे भले होण्याऐवजी नुकसान झाले आणि म्हशींची चराई या पाणथळ जागेला उपकारकच होती.

मला या संस्थेचा फार आदर वाटला. आपल्यातल्याच मोठ्या माणसाचे मत चुकलेले आहे, हे दहा वर्षांच्या नोंदींवरून स्पष्ट सांगायला मन मोठे लागते. घरात वडीलधाऱ्यांची चूक दाखवताना आपली जीभ कशी अडखळते, ते आपण जाणतोच. पण एक विचार मनात राहून राहून येतो. म्हशी चारणाऱ्यांना ते गवत रोज दिसत होते. त्यांना आधी नीट विचारले असते, अभ्यास पुरा होईपर्यंत हुकूम थांबवला असता, तर ती माणसे घरी असती. अहवाल दुरुस्त करता येतो. गेलेला माणूस परत येत नाही.

याच रानात सायबेरियातून पांढरे शुभ्र क्रौंच पक्षी हिवाळ्यासाठी येत असत. १९६४-६५ च्या हिवाळ्यात ते सुमारे दोनशे होते. पुढे कमी कमी होत गेले. २००१-०२ च्या हिवाळ्यात शेवटचे जोडपे आले, त्यानंतर कोणीच आले नाही. हा पक्षी लांब चोचीने चिखल उकरून वनस्पतींचे कंद खातो. रानाला लागून अघापूर नावाचे गाव आहे. पुण्याचे शास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी गावोगावच्या लोकांचे निसर्गज्ञान लिहून ठेवण्याचे काम हाती घेतले होते, त्यात अघापूरच्या लोकांनी एक वेगळेच कारण सांगितले. आम्ही वाळ्याची मुळे खणत होतो तेव्हा जमीन भुसभुशीत राहत होती आणि क्रौंचांना कंद सहज उकरता येत होते. आमचे खणणे बंद झाले आणि जमीन घट्ट झाली, असे त्यांचे म्हणणे.

किती साधी गोष्ट! निंदण-खुरपण केलेल्या कोणत्याही बाईला ती पटेल. पण पटली म्हणजे सिद्ध झाली असे नाही. हे क्रौंच अफगाणिस्तान आणि पाकिस्तानवरून उडत येत आणि वाटेत त्यांची शिकार होई, हेही मोठे कारण होते. गावकऱ्यांना आपल्या रानातली जमीन दिसत होती, हजारो मैलांवरची बंदूक दिसत नव्हती. ती वाट पाखरांच्या शास्त्रज्ञांनी शोधली. वाळ्याची गोष्ट मात्र त्यांच्या कोणत्याही मोजपट्टीत आली नसती. ती खणणाऱ्याच्या हातालाच कळली. म्हणून मला वाटते, पाश्चात्त्य पद्धतीचे शास्त्र आणि पिढ्यान्‌पिढ्यांचे अंगवळणी पडलेले ज्ञान यांत थोरले कोण आणि धाकटे कोण हा वाद घालू नये. ज्याने पाहिले आहे त्याने सांगावे, आणि सांगितलेले मोजून, ताडून पाहावे.

पुढे भरतपूरलाही थोडे शहाणपण आले. गावकऱ्यांना गवत कापून नेण्याची परवानगी मिळू लागली. रानात माजलेली वेडी बाभूळ मुळासकट काढण्याचे काम गावकऱ्यांकडे दिले गेले आणि ते लाकूड त्यांनाच मिळाले. म्हशी मात्र कायद्यामुळे बाहेरच राहिल्या.

आता आपल्या दारची गोष्ट. २००२ च्या जैविक विविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीने आणि नगरपालिकेने एक समिती नेमून लोकजैवविविधता नोंदवही तयार करायची असते. आपल्या भागात कोणती झाडे, पाखरे, गवते, रानभाज्या आहेत आणि लोकांना त्यांची काय माहिती आहे, ते तीत लिहायचे. अशी वही कोणी तरी बाहेरून येऊन दोन दिवसांत भरून जावी, हे मला बरे वाटत नाही.

माझ्या सासूबाई ऐंशीच्या पुढे आहेत. टाकळा, कुर्डू, भारंगी कोणत्या बांधावर आधी उगवतात आणि पूर्वी कोणती भाजी मिळत होती जी आता दिसत नाही, हे त्यांना तोंडपाठ आहे. आजवर मी ते फक्त भाजी निवडताना ऐकले, कधी लिहून घेतले नाही. येत्या पावसाळ्यात त्या सांगतील आणि मुलगी लिहील असे आम्ही ठरवले आहे. सासूबाई सांगतात म्हणून डोळे मिटून लिहायचे नाही. बांधावर जाऊन पाहायचे, तारीख टाकायची आणि मग लिहायचे. त्यांनाही ते मान्य आहे. "मी खोटे सांगते की काय, बघच ये," असे त्या म्हणाल्या.

मंडळातल्या प्रत्येकीच्या घरी अशी एखादी आजी, मावशी किंवा सासूबाई असेल. पंचविसाव्या वर्षी आपण मिळून एवढी एक वही भरली, तर पुढच्या स्मरणिकेत इतिहास लिहायला मला पुस्तके शोधावी लागणार नाहीत.