रस्किनचा निकष : कारागीर, कलाकृती आणि समाज

जॉन रस्किन (१८१९–१९००) याचे लेखन कलासमीक्षा आणि समाजचिंतन अशा दोन कालखंडांत विभागण्याची प्रथा आहे. १८६० पर्यंत तो कलेविषयी लिहीत होता आणि नंतर अर्थव्यवहाराकडे वळला, असे या विभागणीत गृहीत धरलेले असते. त्याच्या लेखनाचा क्रम तपासला असता हा भेद टिकत नाही.

'द स्टोन्स ऑफ व्हेनिस'च्या दुसऱ्या खंडातील (१८५३) गॉथिक शैलीविषयक प्रकरणात इमारतीच्या सौंदर्याची चर्चा ती घडवणाऱ्या हातांपर्यंत पोहोचते. गॉथिक कोरीवकामातील ओबडधोबडपणा रस्किनला दोष वाटत नाही. कारागिराला स्वतःच्या बुद्धीने काम करण्याची मुभा होती, याची ती खूण ठरते. उलट आधुनिक वस्तूंतील निर्दोष सफाईत त्याला श्रमविभागणीने खंडित केलेला माणूस दिसतो. म्हणजेच सौंदर्याचा आणि श्रमाचा निकष येथे एकच होतो. १८६० साली थॅकरे संपादक असलेल्या 'कॉर्नहिल मॅगझिन'मधून प्रसिद्ध झालेली आणि वाचकांच्या रोषामुळे चार लेखांवर थांबलेली 'अन्टु धिस लास्ट' ही लेखमाला याच विचाराचा पुढचा टप्पा होय.

परंतु भारतीय कलेसमोर हा निकष डळमळतो. जानेवारी १८५८ मध्ये, १८५७ चा उठाव अद्याप शमला नसताना, लंडनमधील साउथ केन्सिंग्टन येथे दिलेल्या व्याख्यानात (ते पुढे 'द टू पाथ्स'मध्ये, १८५९ साली, समाविष्ट झाले) रस्किनने भारतीय नक्षीकामाचे कौशल्य मान्य केले. मात्र ही कला निसर्गाच्या यथार्थ रूपाकडे पाठ फिरवते असे सांगून तिचा संबंध उठावातील क्रौर्याशी जोडला. व्हेनिसमध्ये त्याने घडणीतून कारागिराकडे आणि कारागिरातून समाजाकडे वाट काढली होती. येथे समाजाविषयीचा निवाडा आधीच झालेला आहे व कलाकृती केवळ पुरावा म्हणून उभी केली जाते. ती घडवणारा कोणत्या परिस्थितीत राबतो, हा रस्किनचा स्वतःचाच प्रश्न विचारला जात नाही.

१९०४ साली जोहान्सबर्गहून दरबानला जाताना गांधींनी 'अन्टु धिस लास्ट' वाचले आणि त्याच वर्षी फिनिक्स वसाहत उभारली. १९०८ मध्ये 'सर्वोदय' या नावाने त्याचा गुजराती सारानुवाद केला. त्यांनी रस्किनचा श्रमविचार स्वीकारला. भारतीय समाजाविषयीचा त्याचा निवाडा नव्हे. कलाकृतीतून समाज वाचू पाहणाऱ्या समीक्षेला म्हणूनच रस्किनची पद्धती आजही उपयुक्त आहे. मात्र तिने आरंभ घडवणाऱ्याच्या हातांपासूनच करायला हवा.