बहुचल प्रतिगमनाचा उगम : यूल यांचा १८९९ चा निबंध

एका परतंत्र चलाचा अनेक स्वतंत्र चलांशी असलेला संबंध एकाच समीकरणात मांडण्याच्या पद्धतीस बहुचल प्रतिगमन असे म्हणतात. अर्थशास्त्रापासून शिक्षणशास्त्रापर्यंत ती आज रूढ आहे. मात्र तिच्या मूलभूत संकल्पना कोणत्या प्रश्नातून घडल्या, हे पाठ्यपुस्तकांत क्वचितच सांगितले जाते.

‘प्रतिगमन’ ही संकल्पना फ्रान्सिस गाल्टन यांची. १८८६ मध्ये त्यांनी २०५ दांपत्ये व त्यांची ९२८ प्रौढ अपत्ये यांच्या उंचीचा अभ्यास प्रसिद्ध केला. फार उंच आईवडिलांची अपत्ये उंच असली तरी सरासरीकडे काहीशी परततात, असे त्यांना आढळले. गणिती साधन त्याहून जुने होते. लघुतम वर्ग पद्धत लजांद्र यांनी १८०५ मध्येच धूमकेतूंच्या कक्षांसंबंधीच्या ग्रंथात मांडली होती. हे दोन प्रवाह जॉर्ज उडनी यूल यांनी १८९७ मध्ये एकत्र आणले. वितरण प्रसामान्य नसले तरी लघुतम वर्गाची रेषा उपयुक्त ठरते, असे त्यांनी दाखविले. सामाजिक आकडेवारी प्रसामान्य क्वचितच असते, हे लक्षात घेता ही पायरी निर्णायक होय.

१८३४ च्या कायद्यानंतर इंग्लंडमध्ये निर्धनांना वर्कहाऊसमध्ये दाखल करून घेऊन किंवा बाहेर, घरी राहू देऊन साहाय्य दिले जाई. बाहेरील साहाय्याने निर्धनता वाढते काय, हा त्या काळचा तीव्र वाद. १८९९ मध्ये यूल यांनी १८७१ ते १८८१ या दशकातील बदल तपासले. लंडनच्या युनियनांसाठी बाहेरील साहाय्याचे प्रमाण, वृद्धांचे प्रमाण व लोकसंख्या यांचे गुणांक अनुक्रमे ०.७५५, −०.०२२ व −०.३२२ आले. म्हणजे इतर दोन चले स्थिर मानल्यास बाहेरील साहाय्याच्या प्रमाणातील एक टक्का बदलाबरोबर निर्धनतेत सुमारे पाऊण टक्का बदल दिसतो. हाच आंशिक गुणांकाचा अर्थ. केन्सिंग्टनमध्ये निर्धनतेचे प्रमाण १०० वरून २७ वर आले. समीकरण सुमारे ३० सांगते. उरलेला फरक म्हणजे अवशेष.

येथे ‘स्थिर मानणे’ हे कागदावरचे आहे. कोणत्याही युनियनमध्ये काहीही प्रत्यक्षात स्थिर ठेवलेले नव्हते. शिवाय निर्धनता मोजली गेली ती साहाय्य घेणाऱ्यांच्या संख्येवरून. साहाय्य आखडले की ही संख्या घटणारच; गरिबी घटली, असे त्यावरून म्हणता येत नाही. (संगणकावरील तयार तक्त्यांतून गुणांक उचलताना आजही हाच प्रश्न मागे पडतो.) स्वतः यूल सावध होते. ‘मुळे’ या शब्दाच्या जागी ‘शी संबंधित’ असे वाचावे, अशी तळटीप त्यांनी दिली. निबंधाचा सूर मात्र कारणे सांगण्याचाच राहिला.

अर्थशास्त्रज्ञ पिगू यांचा आक्षेप अधिक मर्मभेदी होता. ज्या युनियनांनी बाहेरील साहाय्य कमी केले, त्यांचा कारभार अन्य बाबतींतही चांगला असण्याचा संभव होता. कारभाराचा दर्जा आकड्यांत मोजलेला नव्हता आणि म्हणून तो समीकरणातही नव्हता.