टांकसाळीची चूक आणि काळाचा घाव

नाणे टांकसाळीतून बाहेर पडले की त्याचे दुसरे आयुष्य सुरू होते. पहिले आयुष्य अल्पकाळाचे असते. धातूची चकती दोन ठशांच्या मध्ये ठेवली जाते, तिच्यावर घाव पडतो आणि राजाचे नाव धारण करून ती बाजारात जाते. दुसरे आयुष्य मात्र शतकानुशतके चालते. ते नाणे हजारो हातांतून फिरते, सराफाच्या कसोटीला उतरते, हंड्यात भरून पुरले जाते आणि एखादे दिवशी नांगराच्या फाळाला लागून पुन्हा उजेडात येते. या दोन्ही आयुष्यांच्या खुणा त्याच्या अंगावर मिसळून गेलेल्या असतात. त्यांतील कोणती खूण टांकसाळीतील व कोणती बाहेरची, हे ठरविणे हा नाणकशास्त्राचा पहिला धडा होय. वरवर पाहता हा प्रश्न केवळ हौशी संग्राहकांचा वाटेल. परंतु ज्या काळाची लेखी साधने तुटपुंजी आहेत, त्या काळाचा इतिहास कित्येकदा अशा एखाद्या खुणेवर उभा असतो.

हा निवाडा करण्यापूर्वी नाणे कसे पाडले गेले, हे जाणून घ्यावे लागते. भारतातील अतिप्राचीन आहत नाणी चांदीच्या पत्र्याचे तुकडे कापून केलेली असत. वजन बेताचे व्हावे म्हणून त्यांचे कोपरे छाटीत आणि मग एकेक चिन्ह स्वतंत्र ठशाने उमटवीत. अशा नाण्याचा छाटलेला कोपरा ही चूकही नव्हे व मोडतोडही नव्हे; ती त्याच्या घडणीची रीतच होती. मोगलांच्या रुपयावर टांकसाळीचे नाव किंवा वर्ष पुष्कळदा अर्धेच दिसते, कारण ठसा मोठा आणि चकती लहान असे. शिवराईचीही गोष्ट तीच. रायगडावरील १६७४ च्या राज्याभिषेकाशी परंपरेने जोडल्या गेलेल्या या तांब्याच्या नाण्याच्या एका बाजूस ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’ अशी अक्षरे असतात. पण सर्वच्या सर्व अक्षरे ज्यावर उतरली आहेत अशी शिवराई सहसा हाती येत नाही. ‘शिव’ हा शब्द चकतीबाहेर राहिला म्हणून त्या नाण्यास चुकीचे म्हणता येत नाही.

उलटपक्षी, जी निव्वळ इजा दिसते तीही कधी कधी बोलकी असते. मोगल व मराठा काळांतील रुपयांवर लहान लहान ठिपके, फुल्या वा छिन्नीचे घाव आढळतात. वर चांदीचा मुलामा आणि आत तांबे, अशी लबाडी तर नाही ना, हे पाहण्यासाठी सराफांनी केलेल्या त्या खुणा होत. प्रांतोप्रांती निराळे रुपये चालत आणि त्यांवर निराळा बट्टा बसे. त्या व्यवहाराची साक्ष हे घाव देतात.

या विवेकाचे मोल किती मोठे आहे, हे १९०६ साली नाशिकजवळ जोगलटेंभी येथे सापडलेल्या साठ्याने दाखवून दिले. त्यात क्षहरात क्षत्रप नहपान याची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी होती. त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर नहपानाचा मुखवटा विद्रूप झालेला होता. परंतु तो झिजेने विद्रूप झाला नव्हता, की कारागिराच्या हलगर्जीपणानेही नव्हे. त्याच्यावर गौतमीपुत्र सातकर्णीचे नाव व त्याची चिन्हे पुन्हा ठोकलेली होती. गौतमीपुत्राने क्षहरातांचा उच्छेद केला, असे नाशिकच्या लेण्यांतील गौतमी बलश्रीचा शिलालेख सांगतो. या नाण्यांनी त्या विधानाला धातूचा पुरावा दिला. जेथे दुहेरी उमटलेल्या रेषा एकाच ठशाच्या असतात, तेथे कारागिराचा हात हललेला असतो. दोन राजांच्या ठशांच्या असतात, तेथे राज्य पालटलेले असते.

इ. स. १८३५ मध्ये कंपनी सरकारने आपल्या मुलखासाठी १८० ग्रेन, म्हणजे एक तोळा वजनाचा, एकसारखा रुपया कायद्याने चालू केला. कलकत्ता व मुंबई येथील टांकसाळींत वाफेची यंत्रे त्यापूर्वीच बसली होती. यंत्राने सारी नाणी एकसारखी केली आणि म्हणूनच खऱ्या अर्थाने चूक ही वस्तू जन्माला आली. तिची पारख एका साध्या तत्त्वावर चालते. ठशाला तडा गेला असेल तर घाव पडताना धातू त्या भेगेत शिरतो आणि नाण्यावर उंच रेघ उठते. ओरखडा मात्र खोल असतो व त्याच्या कडेस सरकलेल्या धातूचा बारीक बांध दिसतो. पत्र्यातून चकती कापताना आधीच्या छिद्रावर कातर पडली, तर नाण्याची कड चंद्रकोरीसारखी तुटते. अशा वेळी तिच्या बरोबर समोरची किनारही बहुधा अशक्त उठलेली असते. कानशीने घासून केलेल्या नकलेत समोरची किनार शाबूत राहते. आधीचे नाणे ठशाला चिकटून राहिले, तर पुढच्या चकतीच्या एका बाजूस तेच चित्र उलटे व खोलगट उमटते आणि तेथे मूळचे चित्र मुळीच नसते. दोन नाणी शेगड्यात दाबून केलेल्या बनावटीत मूळ चित्र चेपलेल्या स्थितीत शिल्लक राहते.

काही चुका तर नाण्यावर नसून पाहणाऱ्याच्या नजरेत असतात. १९११ सालच्या रुपयावर पंचम जॉर्जच्या झग्यावरील मानचिन्हात एक लहानसा हत्ती होता. तो लोकांना डुकरासारखा दिसला. सुमारे ९४ लाख रुपये पाडून झाले होते. त्यांतील सुमारे ७ लाख बाहेर गेल्यावर उरलेले वितळविण्यात आले. पुढील वर्षी हत्तीची आकृती सुधारली गेली. ठसा त्याच्या रेखाटनाप्रमाणेच उमटला होता. तरीही लोकांच्या भावनेपुढे सरकारला नमावे लागले. आजही टांकसाळीचे चिन्ह नाही म्हणून एखादे नाणे दुर्मिळ समजले जाते. वस्तुतः मुंबईचा चौकोनी हिरा व हैदराबादचा तारा प्रसिद्ध असले, तरी कलकत्त्याच्या नाण्यांवर चिन्ह नसणे हीच त्यांची ओळख आहे.

या अज्ञानाचा भुर्दंड सामान्य माणसास सोसावा लागतो. घासलेले, ठेचलेले वा आम्लात बुडविलेले नाणे ‘टांकसाळीची चूक’ म्हणून भारी किमतीस विकले जाते. जुन्या नाण्यांच्या खरेदी-विक्रीसाठी आपले नाव पुढे करून शुल्क उकळणाऱ्यांविरुद्ध रिझर्व्ह बँकेला २०२१ साली जाहीर इशारा द्यावा लागला. अशा नाण्याची पारख करणाऱ्यास फार मोठी सामग्री लागत नाही. एक भिंग, एक तराजू आणि निर्णयाची घाई न करण्याचा संयम, एवढे पुरेसे असते. प्रथम वजन पाहावे, मग किनार, मग रेघ उंच की खोल, आणि शेवटी हे नाणे पाडताना असे घडणे शक्य होते काय, हा प्रश्न विचारावा. त्याचे उत्तर मिळेपर्यंत नाण्याला दुर्मिळ म्हणू नये आणि निरुपयोगी समजून मुशीतही टाकू नये. जोगलटेंभीची नाणी कोणी विद्रूप म्हणून वितळवून टाकली असती, तर चांदी हाती आली असती. पण एका विजयाची साक्ष कायमची नाहीशी झाली असती.