गलगंड, मीठ आणि सक्ती

मिठाविषयी आपण सहसा तटस्थ राहू शकत नाही. खाल्ल्या मिठाला जागावे हे लहानपणीच कानावर पडते, आणि शाळेच्या इतिहासात दांडीपाठोपाठ वडाळा व शिरोडा ही नावे येतात. म्हणूनच १९९७ साली केंद्र शासनाने आयोडीनविरहित खाद्य मिठाच्या विक्रीवर बंदी आणण्याचे ठरवले, तेव्हा आमच्यापैकी अनेकांना तो मिठाचा दुसरा कायदाच वाटला. बाजारात पोत्यावर बसून खडेमीठ मापून देणारी बाई बेकायदेशीर ठरावी आणि पुडीतले महाग मीठ तेवढे देशहिताचे ठरावे, हे आम्हांला पटणारे नव्हते. ते मत आज जसेच्या तसे आमच्याजवळ उरलेले नाही. ते कुठे बदलले आणि कुठे बदलले नाही, हे सांगण्यासाठी दोनशे वर्षे मागे जावे लागेल.

नेपोलियनच्या युद्धांना बंदुकीच्या दारूसाठी सोरा लागत होता. तो तयार करण्याच्या धंद्यात असलेला बर्नार कूर्त्वा हा फ्रेंच रसायनज्ञ १८११ साली समुद्रशेवाळाच्या राखेवर काम करीत असताना तिच्यात गंधकाम्ल अधिक पडले आणि जांभळ्या रंगाची वाफ उसळली. गार पृष्ठभागावर तिचे काळसर, चकाकणारे स्फटिक जमले. जांभळ्या रंगाच्या ग्रीक शब्दावरून या मूलद्रव्याला आयोडीन हे नाव मिळाले. कूर्त्वाला मात्र या शोधातून काही लाभले नाही. १८३८ साली तो दारिद्र्यातच वारला.

जिनिव्हाच्या झां-फ्रांस्वा क्वांदे या वैद्याने १८२० साली ताडले, की गलगंडावर जुने वैद्य जी जाळलेल्या स्पंजाची राख देत, तिचा गुण या आयोडीनमध्येच असावा. त्याने ते रोग्यांना दिले आणि गळ्याच्या गाठी उतरू लागल्या. मात्र प्रमाणाचे भान कुणालाच नव्हते. छातीची धडधड, झपाट्याने रोडावणे असे प्रकार सुरू झाले आणि औषधाचेच नाव खराब झाले. पुढे शतकाच्या मध्यास शातँ याने पाणी, माती व अन्न यांतील आयोडीन मोजून त्याच्या अभावाशी गलगंडाचा संबंध जोडला, तेव्हाही फ्रेंच पंडितांनी मान डोलावली नाही. आमच्या मते यामागे केवळ हट्ट नव्हता. रोग म्हणजे बाहेरून शरीरात शिरलेले काहीतरी, ही समजूत खोल रुजलेली होती. एखादी गोष्ट *नसण्याने* माणूस आजारी पडतो, ही कल्पना पचायला जड होती. विसाव्या शतकाच्या आरंभी गिलगिटमध्ये काम करणारे रॉबर्ट मॅककॅरिसन तर गलगंड पाण्यातील जंतूंमुळे होतो हे सिद्ध करण्यासाठी गढूळ पाण्यातला गाळ स्वतः प्याले. धाडस खरे, निष्कर्ष चुकला.

उलगडा झाला तो शाळेतल्या मुलींमुळे. अमेरिकेत ओहायोतील ॲक्रन येथे १९१७ पासून डेव्हिड मरीन आणि किंबॉल यांनी त्यांना वर्षातून दोनदा आयोडीनचा क्षार दिला. तो घेणाऱ्या २,१९० जणींपैकी पाच जणींना गलगंड झाला. न घेणाऱ्या २,३०५ जणींपैकी ४९५ जणींना. त्याच सुमारास स्वित्झर्लंडच्या ग्रेखेन या डोंगराळ खेड्यात बायार नावाचा डॉक्टर खेचरावर लादून आणलेले मीठ, त्यात अल्पशी मात्रा मिसळून, मोजक्या कुटुंबांना देत होता. हिमयुगातील बर्फाने तिथल्या मातीतले आयोडीन केव्हाच धुऊन नेले होते. १९२२ साली आपेनझेलच्या एका परगण्यात एगेनबेर्गर या शल्यवैद्याने लोकांच्या सह्या गोळा करून असे मीठ सुरू करवले. मिठाचा व्यापार परगण्याच्या हाती होता. साधे मीठही दुकानात राहिले, आणि लोकांनी नवे मीठ आपण होऊन उचलले. सक्तीचे समर्थक हा भाग सहसा सांगत नाहीत.

आता आपल्या कांग्र्याकडे. तेव्हा पंजाबात असलेल्या या खोऱ्यात १९५६ साली व्ही. रामलिंगस्वामी व त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे लाखभर वस्तीचे तीन विभाग पाडले. दोन विभागांना आयोडीनयुक्त मीठ, एकाला साधे. १९६२ पर्यंत त्या दोहोंत गलगंड झपाट्याने ओसरला. तिसऱ्यात जिथल्या तिथे राहिला. मग तिथेही तेच मीठ देण्यात आले. विज्ञानाला तुलना लागते हे मान्य करूनही, त्या तिसऱ्या विभागातील घरांची सहा वर्षे आमच्या मनातून जात नाहीत. कारण प्रश्न गळ्यावरच्या गाठीचा नव्हताच. आईच्या शरीरात आयोडीन नसेल तर गर्भाचा मेंदू नीट घडत नाही. मूल मुके, बहिरे, मतिमंद जन्मू शकते, आणि ती हानी नंतर कितीही मीठ खाऊन भरून येत नाही. माणसाला दिवसाला लागते अवघे १५० मायक्रोग्रॅम. सत्तर वर्षांची गोळाबेरीज चार ग्रॅमही भरत नाही.

'आम्ही समुद्रकाठचे, आमच्या मिठात ते असणारच' हा युक्तिवाद आम्हीही केला आहे. तो चूक होता. मिठागरात पाणी आटताना आयोडीन मिठाच्या खड्यात जवळजवळ उतरतच नाही.

२००० साली केंद्राने बंदी उठवली, २००६ च्या मे महिन्यात ती पुन्हा लागू झाली. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने तो नियम मूळ कायद्याच्या कक्षेबाहेरचा ठरवला, तरी लोकांचे आरोग्य पाहून काही महिने चालू ठेवला. त्यानंतर नव्या अन्नसुरक्षा कायद्याखाली तीच अट आली. म्हणजे शासनाचा हेतू योग्य आणि हात मात्र चुकीच्या जागी, असेच न्यायालयालाही वाटले म्हणायचे. १९९८-९९ मध्ये देशातील सुमारे निम्म्या घरांत पुरेसे आयोडीन असलेले मीठ होते, २०१८-१९ मध्ये सुमारे चारांतील तीन घरांत. जन्मायच्या मुलाला सही करता येत नाही, एवढ्यापुरती सक्ती आम्ही आता मान्य करतो. पण मिठागरातल्या लहान उत्पादकाला आयोडीन फवारण्याचे यंत्र कुणी द्यायचे, हा १९९७ सालचा आमचा प्रश्न आम्ही मागे घेतलेला नाही.

लोणच्यासाठी आमच्याकडे अजून खडेमीठच येते. रोजच्या स्वयंपाकाला पुडीतले.