हर्ट, इजा आणि दुखापत

‘भावना हर्ट झाल्या’ हे वाक्य आता अंधेरीच्या रिक्षा स्टँडपासून विधानसभेपर्यंत कुठेही ऐकू येतं. म्हणणारा कधी हिंदू असतो, कधी मुसलमान, कधी ख्रिश्चन. या इंग्रजी क्रियापदाला आपल्याकडे एवढं वजन कसं आलं, हे पाहायचं तर थोडं मागे जावं लागतं.

आधी घरातले शब्द घेऊ. मराठीत माणसाला लागलं, मार बसला, नुकसान झालं की आपण जे शब्द वापरतो त्यातले कितीतरी आपल्या उर्दू-फारसी शेजारातून आलेले आहेत. जखम फारसी, नुकसान अरबी, जुलूम अरबी. खून म्हणजे फारसीत नुसतं रक्त. मराठीने त्याचा गुन्हा केला. फिर्याद म्हणजे मुळात मदतीसाठी मारलेली हाक. आणि इजा हा तर थेट अरबी शब्द. रस्त्यातली त्रासदायक वस्तू बाजूला करणं हा ईमानचाच एक भाग आहे, अशी जी हदीस लहानपणी मदरशात शिकवतात, तिच्यातल्या ‘अज़ा’चं आणि आपल्या इजेचं मूळ एकच. शिवाजी महाराजांच्या काळात राज्यव्यवहारकोश झाला, पुढे सावरकरांची भाषाशुद्धी झाली, पण हे शब्द हलले नाहीत. दुखणं कोणी संस्कृतात नेऊन ठेवू शकत नाही.

इंग्रज आले आणि त्यांनी या सगळ्याला कलमं लावली. मेकॉलेच्या विधी आयोगाने १८३७ साली दंड संहितेचा मसुदा केला. कायदा मंजूर झाला १८६० मध्ये आणि लागू झाला १ जानेवारी १८६२ पासून. त्यातलं कलम ३१९ म्हणजे ‘हर्ट’. मराठी कायद्यात त्याला दुखापत म्हणतात. व्याख्या कोरडी आहे: शारीरिक वेदना, रोग किंवा दुर्बलता. बस्स. मनाचा तिथे उल्लेख नाही. पुढच्या कलमात जबर दुखापतीचे आठ प्रकार दिले आहेत: डोळा जाणं, कान जाणं, अवयव निकामी होणं, चेहरा कायमचा विद्रूप होणं, हाड मोडणं किंवा दात पडणं वगैरे. आठव्या प्रकारात वीस दिवसांचा हिशेब होता. तेवढे दिवस तीव्र वेदना राहिल्या किंवा माणूस आपली नेहमीची कामं करू शकला नाही, तर ती जबर. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली आणि वीसाचे पंधरा झाले. साकीनाक्याच्या कारखान्यात रोजावर काम करणाऱ्याला तीन दिवसही जबरच असतात, पण ते असो.

मग भावनांचं काय? त्यासाठी त्याच संहितेत कलम २९८ होतं आणि तिथे क्रियापद वापरलं ‘वूंड’, म्हणजे जखमी करणं. गंमत बघा. बोलण्यातल्या इंग्रजीत जखम शरीराला होते आणि हर्ट बहुधा मन होतं. कायद्याने शरीराला हर्ट दिलं आणि धार्मिक भावनांना जखम. कलम २९५ च्या शीर्षकात तर प्रार्थनास्थळालाच इजा होते. तिथे ‘इंज्युअर’ हे क्रियापद आहे.

१९२७ मध्ये आणखी एक कलम जोडलं गेलं, २९५ अ. लाहोरला पैगंबरांवर निघालेल्या एका बदनामीकारक पुस्तिकेचा प्रकाशक उच्च न्यायालयात सुटला, मुसलमानांत संताप उसळला आणि सरकारने नवा कायदा आणला. मुंबईतून निवडून गेलेल्या जिनांनी त्याला पाठिंबा दिला, पण धर्माची प्रामाणिक चिकित्सा करणारे आणि इतिहास लिहिणारे यात अडकता कामा नयेत, असंही बजावलं. कलम आपल्या मागणीतून आलं, हे आपल्या सभांमध्ये फारसं सांगितलं जात नाही. ते आता कोणाकोणावर लागतं ते आपण रोज वाचतो.

१९५८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पेरियारांच्या खटल्यात कलम २९५ चा अर्थ लावला. पेरियारांनी गणपतीची मातीची मूर्ती फोडली होती. न्यायालयाचं म्हणणं असं की वस्तू कितीही साधी असो, एखादा समाज तिला पवित्र मानत असेल तर या कलमाचं संरक्षण तिला मिळू शकतं.

हे लक्षात ठेवून घाटकोपरला या. ११ जुलै १९९७ च्या सकाळी रमाबाई आंबेडकर नगरातल्या बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला दिसला. लोक पूर्व द्रुतगती महामार्गावर उतरले. राज्य राखीव पोलीस दलाच्या तुकडीने गोळीबार केला आणि दहा माणसं मेली. जमाव गॅसचे टँकर पेटवणार होता, असं पोलिसांचं म्हणणं होतं. न्यायमूर्ती गुंडेवार आयोगाने ते मानलं नाही. गोळीबार अनावश्यक ठरवला. तुकडीच्या उपनिरीक्षकाला २००९ मध्ये सत्र न्यायालयाने जन्मठेप सुनावली. म्हणजे बारा वर्षांनी.

त्या दिवसाबद्दल बोलताना बरेच लोक ‘दलितांच्या भावना दुखावल्या’ एवढंच म्हणतात. मला ते वाक्य खटकतं. दुखावल्या तर होत्याच. पण भावनेचं नाव पुढे केलं की दहा प्रेतं मागे जातात. जणू काही लोक हळवे होते म्हणून सगळं घडलं. आपल्याही मोहल्ल्यांत हेच होतं. भावना दुखावल्याचं निवेदन संध्याकाळपर्यंत छापून तयार असतं, शंभर सह्या असतात. यंत्रात बोटं गेलेल्या पोराची फिर्याद लिहायला मात्र पोलीस ठाण्यात सोबत कोणी येत नाही.

घाटकोपरच्या गोळीबारानंतर चार दिवसांनी, १५ जुलैला, मुलुंडच्या झोपडीत शाहीर विलास घोगरे यांनी गळफास घेतला. डोक्याला निळी पट्टी बांधलेली होती. आनंद पटवर्धनांनी त्यांच्या मृत्यूपासून सुरुवात करून ‘जय भीम कॉम्रेड’ हा चित्रपट केला; तो पुरा व्हायला २०११ उजाडलं. घोगरेंना गोळी लागलेली नव्हती. कलम ३१९ मध्ये बसेल असं त्यांच्या अंगाला त्या दिवशी काहीच झालं नव्हतं, आणि २९८ मध्ये बसेल असं त्यांना कोणी काही बोललंही नव्हतं.